गोव्याचे इन्क्विझिशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. इन्क्विझिशन म्हणजे नेमके काय? मिशनऱ्यांची संघटना होती का?

नाही, ते न्यायालय होते. पोपच्या अधिकाराने नेमलेले आणि पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने चालणारे. त्याचे काम धर्मांतर घडवणे नव्हते. ज्याचा बाप्तिस्मा झालेला आहे तो मनातून आणि घरातूनही ख्रिस्ती आहे की नाही, हे ते तपासत असे. मराठीत त्याला ‘धर्मसमीक्षण सभा’ असेही म्हटले गेले. पोर्तुगीज कागदांत ‘सांतु ऑफिसियु’, म्हणजे पवित्र कचेरी, हे नाव येते. गोव्यातले लोक मात्र त्या इमारतीला ‘व्हडलें घर’ म्हणत.

पोर्तुगालची अशी चार मुख्य न्यायासने होती : लिस्बन, एव्होरा, कोइंब्रा आणि गोवा. युरोपबाहेर फक्त गोव्याचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मकावपर्यंतचा सारा पोर्तुगीज मुलूख त्याच्या हद्दीत येई.

२. ते ज्यूंसाठी आणले होते की हिंदूंसाठी?

आणले मुख्यतः ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांसाठी, आणि पुढे चालले मुख्यतः धर्मांतरित हिंदूंवर. म्हणून दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना खोटे ठरवतात आणि दोघेही अर्धे बरोबर असतात.

१४९२मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले. त्यांतले हजारो शेजारच्या पोर्तुगालमध्ये शिरले. राजा मनुएलने डिसेंबर १४९६मध्ये त्यांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला, पण १४९७मध्ये जाऊ देण्याऐवजी सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशांना आणि त्यांच्या पोरानातवंडांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. नातू जन्मापासून चर्चमध्ये जाणारा असला तरी तो नवख्रिस्तीच. १५०६मध्ये लिस्बनमध्ये त्यांची मोठी कत्तल झाली आणि १५३६मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन आले. त्यापासून लांब जायचे तर व्यापाऱ्याला आणि वैद्याला एक वाट होती, हिंदुस्थानाकडे जाणारे जहाज. गोवा आणि कोची इथे असे बरेच जण येऊन स्थिरावले, आणि त्यांच्यामागोमाग १५६०मध्ये न्यायासनही येऊन पोहोचले. आलेइशु दियश फाल्कांव आणि फ्रान्सिश्कु मार्किश हे पहिले इन्क्विझिटर.

३. मग १५६०पूर्वी गोव्यात छळ नव्हता?

होता. जेरोनिमु दियश या नवख्रिस्ती वैद्याला १५४३मध्येच, ज्यू मते बाळगल्याबद्दल, गोव्यात जाळण्यात आले. तेव्हा हे काम बिशपच्या अखत्यारीत चाले. इन्क्विझिशन आल्यावर त्याला कायमची कचेरी, तुरुंग आणि दप्तर मिळाले.

४. इन्क्विझिशन फ्रान्सिस झेवियरने सुरू केले ना?

मागणी त्याने केली, स्थापना त्याने केली नाही. मे १५४६मध्ये मोलुक्का बेटांतून राजा जुआंव तिसरा याला लिहिलेल्या पत्रात त्याने गोव्यात इन्क्विझिशन हवे असे स्पष्ट म्हटले आहे. झेवियर १५५२मध्ये वारला, न्यायासन त्यानंतर आठ वर्षांनी आले. ‘त्याचा काही संबंध नव्हता’ आणि ‘त्यानेच लोकांना जाळले’ ही दोन्ही विधाने चूक.

५. बाप्तिस्मा न घेतलेल्या हिंदूवर खटला चालवता येत होता का?

तत्त्वतः नाही. ख्रिस्तीच नसलेल्या माणसाला पाखंडी कसे ठरवणार? व्यवहारात मात्र पळवाटा होत्या. ख्रिस्ती झालेल्या नातेवाइकाला परत वळवणे, कुणाच्या धर्मांतरात आडकाठी करणे, ख्रिस्त्याला आपल्या पूजेत सामील करून घेणे, पोर्तुगीज हद्दीत बंदी असलेले विधी करणे, या कारणांनी हिंदूंना आणि मुसलमानांनाही पकडले जाई. एकाच घरात एक भाऊ बाटलेला आणि दुसरा नाही, अशी स्थिती असेल तर दिवाळीचे नुसते आमंत्रणही अडचणीत आणू शके.

६. गोव्यातली देवळे इन्क्विझिशनने पाडली का?

नाही. ही सर्वांत जास्त वेळा येणारी गल्लत. तिसवाडीतली, म्हणजे गोवा बेटावरची, देवळे १५४०च्या सुमारास पाडली गेली, म्हणजे इन्क्विझिशनच्या वीस वर्षे आधी. साष्टीतली (मडगावकडची) मोठी मोहीम १५६७मधली. ती कामे व्हाइसरॉयचे सरकार आणि मिशनरी यांनी केली, आणि देवळांच्या जमिनी चर्चच्या संस्थांकडे वळवल्या. आईबाप गेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे हुकूमही सरकारचेच.

कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेली गेली ती याच धामधुमीत. जुवारी नदी ओलांडली की अंत्रुज महाल, म्हणजे फोंडा, लागे आणि तिथे आदिलशाहीचा अंमल होता. अठराव्या शतकात फोंडा पोर्तुगीजांकडे आला तेव्हा ती देवळे तशीच राहू दिली गेली.

कोणता हुकूम कोणी काढला हे पाहण्याचा सोपा नियम असा : देऊळ, जमीन, कर, हद्दपारी असेल तर बहुधा सरकार, बाप्तिस्मा झालेल्या माणसाचे वर्तन असेल तर इन्क्विझिशन.

७. एखादा ‘चोरून ज्यू’ आहे हे कशावरून ठरवत?

घरकामावरून. १५३६च्या पोर्तुगीज जाहीरनाम्यात खुणांची यादीच दिली होती. शुक्रवारी संध्याकाळी धुतलेली चादर आणि स्वच्छ कपडे काढणे, शनिवारी काम न करणे, डुक्कर, ससा, खवले नसलेला मासा न खाणे, सप्टेंबरातला मोठा उपास धरणे, मयताला आंघोळ घालणे, घरात कुणी गेल्यावर माठांतले पाणी ओतून टाकणे.

असे आरोप करायला साक्षीदार कोण लागतो? मोलकरीण, गुलाम, शेजारीण, भांडलेला जावई. गोव्याच्या प्रत्येक सुखवस्तू पोर्तुगीज घरात गुलाम असत, त्यामुळे साक्षीदारांची वाण नव्हती. आणि नुसता पोटाच्या विकाराने डुकराचे मांस टाळणाराही यादीत बसे.

८. आणि ‘चोरून हिंदू’ कशावरून?

याचे सर्वांत तपशीलवार उत्तर १७३६च्या एप्रिलमधल्या जाहीरनाम्यात मिळते. बार्देश, साष्टी, तिसवाडीतल्या ख्रिस्त्यांनी काय करायचे नाही याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. नवरानवरीला हळद-तेल लावायचे नाही. विडे-फुले, सुपारी समारंभाने वाटायची नाही. अंगणात तुळस लावायची नाही. एकादशीला उपास नको. हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायचा नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही.

अळणी भातापर्यंत न्यायालय पोहोचले होते, यावरून त्याची नजर कुठवर जाई हे कळते. दुसरी बाजूही ध्यानात घ्या. बंदीचा हुकूम पावणेदोनशे वर्षांनंतर काढावा लागतो, याचा अर्थ ओव्या आणि हळद तोवर चालूच होती. बाटलेल्या कुटुंबांनी श्रद्धा बदलली असेल वा नसेल, लग्नघर सहजी बदलले नव्हते.

९. खटला कसा चालत असे? टप्पे सांगाल का?

आधी चर्चमध्ये जाहीरनामा वाचला जाई. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा गुन्हा ठरावीक मुदतीत, साधारण तीस दिवसांत, येऊन सांगावा; न सांगणारा बहिष्कृत. म्हणजे गप्प राहणे हाही गुन्हाच. तक्रारी गुप्तपणे लिहून घेतल्या जात. पुरेशा जमल्या की अटक होई, आणि त्याच वेळी घरातल्या मालाची यादी करून तो जप्त होई. निकाल लागायच्या आधीच बायकापोरे उघड्यावर.

कैद्याला आरोप काय हे सांगत नसत, आणि साक्षीदारांची नावे तर शेवटपर्यंत नाही. पहिल्या बैठकांत वंशावळ विचारत : आईबाप, आजे, कोण नवख्रिस्ती, कुणाला पूर्वी शिक्षा झाली. मग ‘तुला का पकडले ते तूच आठवून सांग’ अशी समज देत. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७३मध्ये दमणला पकडला गेला. तो ज्यू नव्हता, प्रॉटेस्टंटही नव्हता, चांगला कॅथलिक होता. बाप्तिस्म्याविषयी आणि मूर्तींना मान देण्याविषयी गप्पांत काही बोलून गेला, एवढेच. गोव्याच्या कोठडीत तो महिनोन्‌महिने अंदाज बांधत राहिला आणि त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. १२ जानेवारी १६७६ला त्याला शिक्षा सुनावली : लिस्बनला पाच वर्षे वल्हेकरी. १६७७मध्ये सुटल्यावर, १६८७मध्ये त्याने सगळे छापून काढले. गोव्याच्या कोठडीचे आतून केलेले वर्णन म्हणून आजही ते प्रथम पाहावे लागते.

पुरावा अर्धवट असला तर यातना. दोन प्रकार नेहमीचे : हात मागे बांधून कप्पीवरून वर खेचणे आणि सोडणे, किंवा फळ्यांच्या बाकावर बांधून दोऱ्या पिळणे. शेजारी लेखनिक बसून किंकाळ्यांसकट टिपून घेई. यातनेत दिलेली कबुली नंतर ‘मोकळेपणी’ पुन्हा वदवून घ्यावी लागे; कायद्याचे पालन झाले पाहिजे ना!

१०. कबूल केले की सुटका होत असे का?

जीव वाचे, पण काही अटींवर. पहिल्यांदाच सापडलेला, पूर्ण कबुली देणारा आणि पश्चात्ताप दाखवणारा ‘समेट’ होऊन सुटे. मालमत्ता गेलेली, काही काळ किंवा जन्मभर पिवळा झगा, तुरुंग, फटके, हद्दपारी किंवा वल्ही हे मात्र भोगावे लागे.

खरी मेख ‘पूर्ण’ या शब्दात होती. तुमच्याविरुद्ध सात जणांनी सांगितले आहे आणि तुम्ही पाचच प्रसंग कबूल केलेत, तर ती अपुरी कबुली. अपुऱ्या कबुलीला आगच. ठाम नाकारले तरी आग. एकदा समेट होऊन पुन्हा सापडला तर कबुलीचाही उपयोग नाही. त्यामुळे माणसे सुरक्षित राहण्यासाठी जास्तीची नावे घेत, आई, बहीण, मुलगा सगळी. आणि त्या प्रत्येक नावातून नवा खटला उभा राही. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणाऱ्यापेक्षा निर्दोष आणि खरे बोलणारा जास्त धोक्यात असे.

११. ऑटो-दा-फे म्हणजे जिवंत जाळणे का?

नाही. शब्दाचा अर्थ ‘श्रद्धेची कृती’. कैद्यांची पहाटे निघणारी मिरवणूक, प्रवचन, एकेकाचा निकाल वाचणे, असा तो दिवसभराचा जाहीर सोहळा. बहुतेकांना तिथे लहानमोठी प्रायश्चित्ते सांगितली जात. ज्यांना मरण द्यायचे त्यांना ‘शासनाच्या हवाली’ केले जाई, कारण चर्चने रक्त सांडायचे नाही. मग सरकारी अधिकारी त्यांना मांडवीकाठी सांत लाझारु मैदानावर नेत. शेवटच्या क्षणी ख्रिस्ती म्हणून मरतो म्हणणाऱ्याला आधी गळा आवळून मारत आणि मग जाळत. न म्हणणाऱ्याला जिवंत.

कैद्याच्या अंगातल्या झग्यावरून निकाल कळे. ज्वाळा वर जाणाऱ्या रंगवलेल्या असल्या तर मरण, उलट्या खाली वळलेल्या असल्या तर शेवटी कबूल करून वाचलेला.

१२. एकूण किती लोक मारले गेले?

नेहमी दिला जाणारा आकडा असा : १५६० ते १७७४ या काळात सुमारे १६,००० खटले. एकाहत्तर ऑटो-दा-फेंमध्ये ४,०४६ जणांना शिक्षा सुनावल्या गेल्या. आगीची शिक्षा १२१ जणांना (१०५ पुरुष, १६ स्त्रिया), त्यांतले ५७ प्रत्यक्ष जाळले, ६४ प्रतिमेच्या रूपात, कारण ते पळाले होते किंवा आधीच मेले होते.

समाजमाध्यमांवर फिरणारे लाखांतले आकडे कोणत्याही दप्तरातून आलेले नाहीत. उलट ‘फक्त ५७’ म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. कोठडीत मेलेले, यातनेत अधू झालेले, जप्तीने देशोधडीला लागलेले, भीतीने नदीपलीकडे पळालेले त्या आकड्यात नाहीत.

१३. मेलेल्या माणसाला शिक्षा? हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईकरांच्या परिचयाचे असायला हवे. गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगालमधल्या कास्तेलु द व्हिद गावचा ज्यू वंशाचा वैद्य, १५३४मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या वनौषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीच्या पालिका बागेला त्याचे नाव आहे.

१५६८मध्ये तो अंथरुणात मेला. लगोलग त्याची बहीण कातारिना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ला जाळली गेली. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या जबाबांतून गार्सियाही मनाने ज्यूच होता असे निघाले. डिसेंबर १५८०मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. मेलेल्यावर खटला चालवण्यात व्यवहारही होता : दोषी ठरला की वारसांकडची मालमत्ता जप्त करता येई.

१४. कोकणातल्या बेने इस्राएलांना याची झळ लागली का?

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले तेल गाळणारे ‘शनवार तेली’ ज्यू, यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून प्रश्न ५मधल्या नियमाने ते मूळ आरोपात बसतच नव्हते. शिवाय अलिबाग, पेण, रोहे भागातली त्यांची खेडी निजामशाही, पुढे सिद्दी आणि मराठे यांच्या अमलात. पोर्तुगीज होते ते रेवदंड्याच्या कोटात, चौलला. गोव्यात ‘ज्यू’ म्हणून मेलेले लोक पोर्तुगालहून आलेले नवख्रिस्ती होते. शनिवार पाळणारा तेली आणि लिस्बनचा वैद्य यांचा इतिहास एकत्र करू नका.

कोचीची गोष्ट वेगळी. तिथल्या उघड ज्यूंना राजाने आसरा दिला. मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग १५६८मधले, राजवाड्याला खेटून. १६६२मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले. पुढच्याच वर्षी डचांनी कोची घेतली आणि ज्यूंनी सुटकेचा श्वास घेतला.

१५. आणखी कोण कोण सापडले?

इस्लाममधून ख्रिस्ती झालेले आणि परत गेलेले बरेच. त्यांत गुलाम आणि विजापूरकडे पळून चाकरी धरलेले पोर्तुगीज शिपाईही. इंग्रज-डच प्रॉटेस्टंट थोडे. केरळच्या सिरियन ख्रिस्त्यांची लढाई मात्र मुख्यतः आर्चबिशपशी होती. १५९९च्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत त्यांचे सिरियाक ग्रंथ तपासून जाळायला लावले गेले. १६५३मध्ये मट्टनचेरीला त्यांनी जेझुइट पाद्र्यांविरुद्ध शपथ घेतली.

१६. महाराष्ट्रात त्याची सत्ता कुठवर होती?

वसई, ठाणे, मुंबई, चौल, शिवाय दमण आणि दीव. तिथे न्यायासन नव्हते, कोमिसार म्हणजे प्रतिनिधी असे. तो तक्रारी घेई आणि आरोपीला जहाजाने गोव्याला पाठवी. मुंबई १६६५मध्ये इंग्रजांकडे गेली, वसई १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, तिथली सत्ता तिथेच संपली.

एक सापळा : जुन्या कागदांत ‘साष्टी’ दोन आहेत, गोव्यातली मडगावची आणि ठाणे-मुंबईची. ‘साष्टीच्या ख्रिस्त्याला पकडले’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. सोबत राशोल किंवा मडगाव आहे की वसई किंवा ठाणे, हे पाहा.

१७. कोकणीवर बंदी यांनीच घातली ना?

नाही. १६८४चा तो हुकूम व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याचा. तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असा. संभाजी महाराजांच्या १६८३च्या स्वारीनंतर वर्षभरात निघाला. प्रश्न ६मधला नियम इथेही लागू.

१८. बंद कधी झाले? कागद कुठे आहेत?

१७७४मध्ये पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने बंद केले. त्याच्या वर्षभर आधी त्याने नवख्रिस्ती-जुने ख्रिस्ती हा कायद्यातला भेद काढला होता. राणी मारियाच्या काळात १७७८मध्ये ते पुन्हा उघडले. १८१२मध्ये कायमचे संपले आणि खटल्यांचे मूळ दप्तर गोव्यात जाळले गेले.

म्हणून ‘गोव्यातला खटला क्रमांक अमुक’ मागू नका, तो नाही. उरले ते लिस्बनशी झालेल्या व्यवहारामुळे. जुआंव देलगादु फिगेइरा याने १६२३मध्ये केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पत्रव्यवहाराचा मोठा गठ्ठा रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, बाकीचे लिस्बनच्या तोरे दु तोंबु अभिलेखागारात. गोव्याहून लिस्बनला पाठवलेल्या आरोपींच्या पूर्ण फायली तिथेच मिळतात.

१९. जुन्या गोव्यात ती इमारत दिसते का?

नाही. से कॅथेड्रलच्या दक्षिणेच्या चौकात ती होती, मूळची सबायोची म्हणजे आदिलशहाची हवेली. १८३०च्या सुमारास पाडली. सेंट कजेतानजवळ उभी असलेली काळ्या दगडाची कमान व्हाइसरॉयच्या वाड्याची, तिच्याशी गल्लत नको. ‘हात कातरो’ खांबाचेही तसेच : हात तोडणे ही इन्क्विझिशनची शिक्षा नव्हती.

प्रत्यक्ष पाहायचेच तर पणजीच्या फोंतेन्हासमधल्या सेंट सेबॅस्टियन कपेलात न्यायासनातला क्रूस आहे. त्यावरच्या येशूची मान खाली झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. इन्क्विझिटरांचे मोठे मेज गोवा राज्य संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

२०. माझ्या पूर्वजाचे नाव शोधायचे आहे. कुठून सुरुवात करू?

तोरे दु तोंबुची सूची ऑनलाइन आहे आणि लिस्बनच्या बऱ्याच फायलींची छायाचित्रे फुकट दिसतात. शोधताना हिंदू आडनाव टाकू नका. बाप्तिस्म्याबरोबर नाव बदललेले असते, कामत किंवा शेणवी घराणे कागदात परेरा किंवा डिसोझा म्हणून येते. गावाचे पोर्तुगीज रूप वापरा : वसईचे ‘बासाईं’, ठाण्याचे ‘ताना’. ‘जेंतियु’ म्हणजे हिंदू, ‘मोरु’ म्हणजे मुसलमान. ‘रेलाशादु’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘सोडला’ असा दिसतो, पण तो सुटलेला नाही, जाळायला दिलेला आहे. नवखे संशोधक इथे हमखास फसतात. १७व्या शतकाचे अक्षर वाचायला सवय लागते, तेव्हा आधी सुवाच्य निकालपत्र वाचा आणि मग जबाबांकडे वळा. ते बहुधा फायलीच्या शेवटी असते.